अर्धा कोयता

ईश्वरीने टेम्पोच्या फाळक्यावर हात ठेवला, तशी काळी टाकी उतरवणारी माणसं थांबली.

"वर न्यायची नाही. इथंच भिंतीला टेकवून ठेवा."

"आणि मग?" बांधकामाचा गुत्तेदार उत्तरेश्वर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "दिवाळी झाली की पोरी राहायला येणार. टाकी काय अंगणात शोभंला ठेवायची व्हय, मॅडम?"

"नकाशात हिच्या निम्मी टाकी आहे, भाऊ. एवढं पाणी स्लॅबच्या मधोमध चढवायचं, तर आधी महांतेश सरांनी बघून हो म्हणायला पाहिजे."

"नकाशा साऱ्या जिल्ह्यांना एकच. आपल्याकडं टँकर आठ-आठ दिवस फिरकत न्हाई, हे त्या नकाशाला काय ठावं?"

त्याचं खरं होतं. खात्यातर्फे या कामावर देखरेख ईश्वरीची, आणि मोठी टाकी तिनेच मागवली होती. आष्टीच्या बाजूच्या या गावात ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी वसतिगृह उभं राहत होतं, आणि तिथे आठवडाभराचं पाणी साठवायची सोय दिसल्याशिवाय ते उघडायला परवानगी मिळणार नव्हती. दिवाळी उलटली की मुकादमाचे ट्रक लागतात. तोवर दार उघडलं नाही, तर मुली आईबापांबरोबर फडावर जाणार, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

अडचण महांतेश सरांना बोलावण्याची होती. ते सोलापूरचे, बाहेरचे सल्लागार; नकाशा त्यांच्याच कचेरीतून आलेला. खात्याने त्यांच्याशी सोयीचा करार केला होता. नोकरी नाही, रोजची हजेरी नाही. गरज पडली की पत्र पाठवायचं, त्यांनी यायचं. ठरलेल्या भेटी संपल्या की बोलावणं बंद.

करार चांगला होता. पण एवढा मोठा माणूस बोलवायचा आणि नुसता कामाला, हे गावाच्या पचनी पडेना. भूमिपूजनाला सरांना बोलावलं. चौकट बसली, तेव्हा चौकटीच्या पूजेला बोलावलं. स्लॅब पडल्यावर जिलेबीला बोलावलं. दर खेपेला शाल, नारळ, फेटा. जिलेबीच्या दिवशी तर फेटा बांधता बांधता एसटीची वेळ झाली आणि सर खांबांना लांबूनच हात जोडून गेले. बोलावण्याच्या प्रत्येक पत्रावर सही ईश्वरीची. शुभकार्याला नको म्हणणं तिच्या जिभेवर कधी आलंच नाही.

आता खरी गरज पडली होती आणि भेटी संपल्या होत्या. नव्या मंजुरीचा कागद बीडला गेला होता. तो संक्रांतीच्या आत परतेल, असं तिथले साहेबही म्हणाले नव्हते.

भिंतींवर पाणी मारणाऱ्या चंद्रभागाबाईंनी हातातली नळी खाली ठेवली. त्यांची नात दीपमाला सातवीत होती. पोरगी यंदा तरी फडावर जाऊ नये म्हणून म्हातारीने उन्हाळ्यात सोळा सोमवार धरले होते.

"फोन तर लावा त्यास्नी," त्या म्हणाल्या.

ईश्वरीने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मॅडम, यायला माझी ना नाही," महांतेश सरांचा आवाज आला. "नकाशात दुरुस्ती करून पाठवणं माझ्या कामातच येतं. पण जागा न बघता कशी करू? आणि पत्राशिवाय सल्लागार म्हणून आलो, तर उद्या तुम्हालाच विचारतील."

चंद्रभागाबाईंनी ओला हात लुगड्याला पुसला आणि फोन आपल्याकडे ओढला.

"सायब, मी चंद्रभागा बोलती. भिंतीवर पाणी मारणारी."

"बोला, मावशी."

"येत्या सोमवारी माझ्या सोळा सोमवाराचं उद्यापन हाय. जेवाया या."



"कुठे आहे उद्यापन?"

"वसतिगृहाच्या पडवीत. माझ्या घरात पंगत मावत न्हाई."

उत्तरेश्वरने हसू दाबायला तोंडावर उपरणं धरलं.

"पर जोडीनं या बरं का," चंद्रभागाबाई पुढे म्हणाल्या. "मेहूण जेवू घालायचं हाय. आमच्या ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. एकटा आला तर मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो. अर्धा कोयता मला पंगतीला चालायचा न्हाई."

फोनमधून मोठ्याने हसू आलं. "घरात विचारतो, मावशी. पण येऊ."

फोन बंद झाल्यावर ईश्वरीने गळ्यातल्या इष्टलिंगाला पदरावरून हात लावला.

"मावशी, हे बरोबर आहे ना?"

"कावून? जेवाया बोलवायला बी सरकारचा कागद लागतो व्हय?"

सोमवारी पडवी सारवल्यासारखी स्वच्छ होती. एका कोपऱ्यात उंच आसन करून त्यावर हिरवा खण अंथरला होता, आणि खणावर महादेवाची तसबीर, बेलाची पानं, समई. चुरम्याचा तुपकट, गोड वास बांधकामाच्या चुन्या-सिमेंटच्या वासात मिसळला होता.

सर एसटीतून उतरले. मागून त्यांच्या पत्नी, रुद्राणीबाई. साधी सुती साडी, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. चंद्रभागाबाईंनी दोघांच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, पाटावर बसवलं. उत्तरेश्वर मागच्या बाजूने हळूच पुढे आला. त्याच्या हातात फेटा होता. ईश्वरीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. फेटा पाठीमागे गेला.

पंगत बसली. ईश्वरीचाही सोमवार होता, ती वाढत होती आणि वाढता वाढता सरांकडे बघत होती. सर भाकरी मोडत होते, वांग्याची भाजी मागून घेत होते. एकदाही त्यांनी मान वर केली नाही. चुरमा आला, तो त्यांनी दोनदा घेतला. ईश्वरीच्या हातातली पळी जड झाली. जेवण उरकेल, एसटी येईल, आणि आजही खांबांना नमस्कार होईल.

"हा बीम जिन्यापर्यंत जातो का मधेच थांबतो?"

विचारलं होतं रुद्राणीबाईंनी. त्यांचा घास हातातच होता आणि नजर छताकडे.

"वहिनी, चुरमा गार व्हायलाय," उत्तरेश्वर म्हणाला. "बीमचं काय घेऊन बसलाव?"

"तिला जाऊ द्या," सर म्हणाले. "मला वाढा."

रुद्राणीबाईंनी हात धुतला, पदर खोचला आणि पिशवीतून टेप आणि लहानशी हातोडी काढली. जिना कुठे, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. ईश्वरी पळी घेऊनच मागोमाग वर गेली.

वर ऊन होतं. लांबवर ज्वारीचं हिरवं रान दिसत होतं. रुद्राणीबाई उकिडव्या बसून स्लॅबवर हातोडी मारत, कान देत, पुढे सरकत गेल्या. मग उठून दोन्ही टोकांना जाऊन आल्या.

"स्लॅब चांगला पडलाय. पण मधोमध एवढं ओझं नको," त्या म्हणाल्या. "ही टाकी परत करा, तिच्या बदली दोन लहान आणा. एक जिन्यावर, एक न्हाणीवर. तिथले खांब वरपर्यंत आलेत, त्यांच्या डोक्यावर लोखंडी गर्डर टाकू. पाणी तेवढंच राहील."

"आणि नकाशा?"

"उद्या काढते. परवा सहीनिशी तुमच्याकडे येईल."

"काढता... तुम्ही?"

"पहिल्यापासून मीच काढते. वजनाचे हिशेब माझे. लोकांशी बोलणं, जागा बघून येणं त्यांचं. सही दोघांची, माझी कोपऱ्यात नुसत्या आद्याक्षरांची. करारात येण्याजाण्याची सोय एकाचीच होती ना." त्यांनी चष्मा पुसला. "फेट्यांसाठी आता घरात नवं कपाट घ्यावं लागणार आहे."

ईश्वरीला इतकं हसू आलं की पळी हातातून पडली आणि स्लॅबवर खणखणीत वाजली.

"ऐकलंत?" रुद्राणीबाई म्हणाल्या. "चांगला पडलाय."

त्या खाली आल्या, तेव्हा त्यांचं ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेलं होतं. चंद्रभागाबाई राखण केल्यासारख्या शेजारी बसल्या होत्या. ईश्वरीने घाईघाईत सगळं सांगितलं. म्हातारीने आधी सरांकडे बघितलं, मग रुद्राणीबाईंकडे.

"म्हंजी इतके दिस आमी अर्ध्या कोयत्यालाच फेटं बांधलं?"

"मी कधी नाही म्हणालो, मावशी?" सर म्हणाले, आणि पडवी हसली. उत्तरेश्वरच्या पाठीमागचा फेटा पुढे आला. तो कुणाच्या डोक्याला बांधावा, हे त्याला कळेना. शेवटी त्याने तो घडी करून रुद्राणीबाईंच्या पिशवीजवळ ठेवला.

रुद्राणीबाई जेवायला बसल्या. चंद्रभागाबाईंनी त्यांच्या ताटात तूप सोडलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"मग पाणी चढंल ना, बाई?"

तोंडात घास होता. रुद्राणीबाईंनी होकाराची मान डोलावली.

चंद्रभागाबाई उठल्या. कोपऱ्यात जाऊन त्यांनी हात जोडले, महादेवाची तसबीर उचलून ईश्वरीच्या हातात दिली, समई बाजूला केली आणि हिरवा खण ओढून घेतला. खाली पत्र्याची पेटी होती. कुलूप नवीन होतं, आणि झाकणावर पांढऱ्या रंगात नाव घातलेलं होतं: दीपमाला, इयत्ता सातवी.