मोकळा भात

धाकटीच्या आईचा भाताचा हात गेला, हे सगळ्यात आधी मामा बोलला. तोवर गिऱ्हाइकं नुसती ताटात भात टाकून उठत होती. बसथांब्यासमोरच्या त्या खानावळीत आई चूल सांभाळायची आणि मामा गल्ला. आईच्या मोकळ्या भातासाठी माणसं ताटकळत उभी राहायची. मग एका वर्षी भाताचा गिचका व्हायला लागला. पाणी कमी केलं, जाळ कमी केला, काही केल्या दाणा सुटा राहीना. शेवटी मामाने नवा आचारी आणला. त्याच दिवशी लांबच्या थंड डोंगराळ भागातला महागाचा तांदूळही आणला, कारण मामा एकदा खर्चाला उतरला की मागेपुढे बघत नसे. भात सुधारला. आचाऱ्याचं नाव झालं आणि आई चुलीपासून उठली ती उठलीच. घरीसुद्धा तिने पुन्हा भाताला हात लावला नाही.

धाकटी तेव्हा शाळेत होती. तिला त्या आचाऱ्याचा मनस्वी राग यायचा, पण भात चांगला होतो हे तिलाही नाकारता येईना.

पुढे शेतकी कॉलेजात पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं, की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर फरक कशाने पडला ते देवालाही सांगता येणार नाही. वर्ग मुकाट लिहून घेत होता. धाकटीचं पेन थांबलं. मामाने आचारी आणि तांदूळ एकाच दिवशी बदलले होते. इतकी साधी गोष्ट घरात कुणाच्या डोक्यात आली नव्हती, तिच्याही नाही. तिला आधी हसू फुटलं, मग रडू, आणि सरांनी तिला वर्गाबाहेर काढलं.

तिथून तिने तांदूळ धरला तो सोडला नाही. दाणा भरायच्या दिवसांत रात्री तापल्या, की दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग पडतो आणि शिजताना तो दाणा फुटून लगदा होतो, हे तिने दाखवून दिलं. हवामान बदलतंय म्हणून सगळे दुपारच्या उन्हाकडे बघत होते; ही बाई रात्रीच्या उकाड्यामागे लागली होती. संस्थेत तिची टर उडायची. वरिष्ठ म्हणायचे, एकरी उतारा वाढवा, भात मोकळा होतो की चिकट हे स्वयंपाकघरात बघतील. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. आई खानावळीत शिजवायची त्याच, लोकांच्या आवडीच्या जुन्या वाणाचा उष्ण रात्री सोसणाऱ्या एका रानभाताशी संकर करता करता, निवडता निवडता, तिचे केस पिकले. पण शेवटी हाती असा वाण लागला, की ज्याचा दाणा गरम रात्रींतही काचेसारखा राहिला. आता तो मान्यता समितीपुढे शिजवून दाखवायचा होता. तिथे नापास झाला तर वाण कपाटात जाणार होता आणि धाकटी निवृत्त होणार होती.

जुना आणि नवा वाण गरम रात्रींच्या एकाच हंगामात, शेजारशेजारच्या वाफ्यांत पिकवला होता. शिजवणारं माणूसही एकच हवं होतं. धाकटीने आईचं नाव सुचवलं तशा अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. धाकटी म्हणाली, पिशव्या तुम्ही भरा, खुणा तुम्ही करा, कुठली कुठली ते तिलाही सांगू नका आणि मलाही. अध्यक्ष कसेबसे तयार झाले. आई मात्र होईना.

"अगं, जन्माची मेहनत तुझी, आणि देतेस कुणाच्या हातात? माझा हात गेलाय."

"म्हणूनच तू हवीस," धाकटी म्हणाली.

भात बिघडला त्या वर्षीच्या गरम रात्रींचं तिने आईला कितीदा तरी समजावलं होतं. लेक आहेस, मला बरं वाटावं म्हणून बोलतेस, असं म्हणून आई विषय संपवायची. आताही ती आली ती केवळ लेकीचं मन मोडवेना म्हणून.

दालनात भात चाखायला समितीने जन्मभर खानावळी चालवलेली माणसं बोलावली होती, त्यांत काठी टेकत आलेला मामाही होता. स्वयंपाकघराचं दार बंद होतं; आत कोण शिजवतंय हे चाखणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. बाहेर धाकटी उभी होती. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि आईचा पडलेला चेहरा दिसला.

"झाला लगदा. म्हटलं होतं ना तुला."

 पहिली पिशवी कुठली हे धाकटीला ठाऊक नव्हतं. नव्या वाणाची असेल तर वाण गेला आणि आईची उरलीसुरली आशाही गेली.

"दुसरी लाव," ती म्हणाली. "तेवढंच पाणी, तेवढाच जाळ. काही म्हणजे काही बदलू नकोस."

दुसऱ्या वेळी आई दाराशी आली नाही. थेट ताटंच बाहेर आली.

पहिलं ताट मामाने बोटानेच लांब सारलं. दुसऱ्यातला घास उचलला तर दाणे बोटांतून सुटे ओघळले. मग तो ताट चाटूनपुसून जेवला. "आचारी असावा तर असा," तो शेजाऱ्याला म्हणाला. "पहिल्याला आधी घरी पाठवा."

अध्यक्षांनी पिशव्यांच्या खुणांचं बंद पाकीट फोडलं. पहिला भात जुन्या वाणाचा होता, दुसरा नव्या. एकूण एक माणसाने दुसरा पसंत केला होता. वाण मंजूर झाला आणि दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. टर उडवणारेही उभे राहून टाळ्या पिटत होते, आणि धाकटीला ते मनापासून आवडलं.

"मामा," ती म्हणाली, "आचारी एकच आहे." आणि तिने स्वयंपाकघराचं दार उघडलं.

हातात झारा घेऊन आई उभी होती. मामाने तिच्याकडे पाहिलं, दोन्ही ताटांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "ताई," एवढंच त्याला म्हणता आलं.

आई त्याच्याकडे वळली नाही. तिने स्वतःच्या हातचा भात चिमटीत घेतला, निरखला, तोंडात टाकला.

"म्हणजे तेव्हाही माझं काही चुकत नव्हतं?"

"एक दिवससुद्धा नाही, आई."

आई सगळ्यांदेखत रडली. रडता रडताच म्हणाली, "मग मी तुला इतकी वर्षं भात का करून घातला नाही गं?"

 धाकटी ताट ओढून बाकावर बसली. "आत्ता घाल."

आईने वाढलं. धाकटी खाली मान घालून जेवू लागली. तेवढ्यात मंजुरीच्या कागदांवर सही घ्यायला अध्यक्ष पुढे आले.

"थांबा जरा," आई त्यांना म्हणाली. "ती जेवतेय."