हरकत वरच्या मजल्याची

रस्त्यावरचं ते झाड मेलंय, हे पहिल्यांदा मावशीच्या लक्षात आलं. मावशी म्हणजे कोपऱ्यावरच्या दुमजली घरात, तळमजल्यावर पाळणाघर चालवणारी बाई. मुलं तिला मावशी म्हणत, आणि त्यांचे आईबापही. दुपारी मुलांना निजवताना खिडकीतली सावली विरळ होत चालली होती. पानगळ असेल, असं तिला वाटलं. मग रस्त्यातली बाकीची झाडं फुटली आणि हे तसंच उघडंबोडकं राहिलं.

एक दिवस मांडीएवढी जाड फांदी फाटकासमोर येऊन कोसळली. वारा नाही, काही नाही. संध्याकाळी त्याच जागी बाबागाड्या उभ्या असायच्या. तिनं मुलांना मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवलं आणि पालिका गाठली.

"झाड मेलंय हे तुम्ही ठरवून चालत नाही," उद्यान खात्यातला कारकून म्हणाला.

"मग काय झाडानं स्वतः येऊन सांगायचं?"

तो हसला, पण कागद काही हलला नाही. तारांना चिकटलेलं झाड, तेव्हा वीजवाल्यांकडे जा, म्हणाला. वीजवाले म्हणाले, उद्यानवाल्यांनी तारीख दिल्याशिवाय आम्ही तारा बंद करत नाही. मावशीनं चपला झिजवल्या. शेवटी एक निरीक्षक आला, हातोडीनं खोड ठोकून पाहिलं. "पोकळ आहे," एवढंच म्हणाला आणि बुंध्यावर नोटीस लावून गेला. कुणाची हरकत असेल तर मुदतीत कळवा.

मुदत संपल्यावर ती आशेनं गेली, तर निरीक्षकानं मान खाली घातली.

"हरकत आलीय, मावशी. तुमच्याच घराचा पत्ता आहे. वरचा मजला."

वरच्या मजल्यावर तिचे मोठे दीर राहत. जन्मभर बस चालवलेला, कमी बोलणारा माणूस. वर्षभरापूर्वी बायको गेल्यापासून तर तोंडाला कुलूपच. पाळणाघर मुळात या जाऊबाईंनीच काढलेलं. रस्ता रुंद करायला माणसं आली तेव्हा त्या झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या, आणि मावशी शेजारी छत्री धरून. शेवटी पदपथ झाडाला वळसा घालून गेला. बाईनं रस्ता वाकवला, असं लोक अजून म्हणत.

मावशी तरातरा जिना चढली.

"भाऊजी, मला सांगायचं तरी होतं."

"सांगून तू ऐकणार होतीस?"

"खाली लोकांची लेकरं असतात."

"ते मेलेलं नाही. मागेही एकदा वाळलं होतं, पुन्हा फुटलं. अन् हिनं वाचवलेलं झाड मी कापू देऊ? कुठल्या तोंडानं?"

भांडायला आलेल्या मावशीनं तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. भाऊजींची दाढी वाढलेली होती. टेबलावर एकच ताट होतं, तेही अर्धं टाकलेलं.

"साल खरवडली की जिवंत झाडात हिरवं दिसतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच बघा. हिरवं निघालं, तर मी माझी तक्रार मागे घेते."

सकाळी मुलं यायच्या आत भाऊजी सुरी घेऊन खाली आले. पहिल्यांदा छातीच्या उंचीवर खरवडलं. आत तपकिरी भुसा. बाजूला खरवडलं, तेच. ते बुंध्याभोवती फिरत राहिले, मग शिडी मागितली. मावशीनं शिडी घट्ट धरली. वरून तिच्या केसांत सालीचे तुकडे पडत होते, मुंग्या पडत होत्या.

"भाऊजी, पुरे आता."

"थांब जरा. त्या पलीकडच्या फांदीला असेल."

त्या फांदीलाही नव्हतं. ते शिडीवरच थांबले, सुरी धरलेला हात खाली सोडून. त्यांनी विचारलं, "ती कशासाठी उभी राहिली होती गं तेव्हा?"

"पोरांना सावली हवी म्हणून."

भाऊजी उतरले. तोंड धुतलं, दाढी केली आणि मावशीच्या आधी फाटकाशी येऊन उभे राहिले. पालिकेत त्यांनी स्वतःच्या हातानं हरकत मागे घेतली. मग वीजवाल्यांच्या दारात बसून राहिले. "तारीख मिळाल्याशिवाय हा म्हातारा उठत नाही," त्यांनी साहेबाला सांगितलं. तारीख मिळाली.

ठरल्या दिवशी रस्ता बंद केला, तारा बंद केल्या. कापणाऱ्यानं खोडाला हात लावून पाहिला आणि चढायला साफ नकार दिला. क्रेन आली. दोर बांधून नुसता ताण दिला, तर करवत लागायच्या आधीच झाड बुडातून सुटलं आणि रिकाम्या रस्त्यावर आडवं झालं. धुरळा खाली बसला तेव्हा मुळांच्या जागी ओला भुसा तेवढा दिसत होता.

"हे आजवर उभं कसं होतं?" मुकादम स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

भाऊजी आडव्या खोडाला हात लावत बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गेले, मग घरात शिरले. मावशी मागोमाग गेली. मागच्या खोलीत मुलं निजली होती, आणि भाऊजी त्यांच्यामध्ये जमिनीवर बसून रडत होते, आवाज न करता.

ती शेजारी टेकली. बाहेर करवत सुरू झाली, तशी एक मुलगी चाळवली. भाऊजींनी तिला हलकेच थोपटलं.

"उद्यापासून यांना पुढच्या खोलीत निजव," ते म्हणाले.

"आता तिथे ऊन येईल, भाऊजी."

"पडदा मी लावून देतो."