सगळे केस काढ

“वस्तरा लावायचा नाही म्हणजे? मुंडणाची पावती फाडलीय मी!” ओदेलू ओरडला.

लच्चव्वाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. डोंगरावरच्या या देवळात ती अठरा वर्षं बायकापोरांची डोकी भादरत होती आणि ओरडणारे बाप तिला नवीन नव्हते. पुढ्यात पाटावर त्याची नऊ वर्षांची सहस्रा बसली होती. केस बाजूला सारले की खाली केस गेलेले, रुपयाएवढे चार चट्टे. नायटा नव्हे, उवा नव्हेत. कातडी अगदी गुळगुळीत.

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाखवलं,” सहस्राची आई पुटपुटली. “म्हणाला, पोरीने धास्ती घेतलीय. अभ्यासाला जरा—”

“तू गप!” ओदेलू बायकोवर खेकसला. “रविवारी गुरुकुलाची प्रवेश परीक्षा, धास्ती नको? देवाला बोललोय मी. सगळे केस देतो, नवे नीट येऊ देत.”

“बोललात तुम्ही, केस तिचे,” लच्चव्वा म्हणाली. “मुलींच्या तीन बटा कापल्या तरी देवाला चालतं. भादरलं की हे चट्टे उलट उठून दिसतील. ऐका माझं.”

“तू हजामत कर. डॉक्टरकी नको शिकवू.”

याचंच डोकं आधी भादरावं, असं लच्चव्वाला वाटलं. राग गिळून तिने पोरीला विचारलं, “तू सांग गं. काढू?”

सहस्राने आधी बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, “काढ, अम्मा. सगळे काढ. म्हणजे कुठले गेले ते कळणार नाही.”

लच्चव्वाने पोरीचे केस ओले केले. तिने वस्तरा चालवला. पोरीची मान लाकडासारखी ताठ होती. केस उतरले आणि निळसर डोक्यावर चारही चट्टे पांढरेफटक उघडे पडले. रांगेतल्या बाया वाकून बघायला लागल्या.

“बिघडवलंस ना?” ओदेलू म्हणाला. “मुद्दाम केलंस.”

लच्चव्वाने वस्तरा पुसून ठेवला. पोर न्हाऊन आल्यावर तिने डोक्यावर चंदन थापलं, इतरांना लावते त्याच्या दुप्पट. चट्टे दिसेनासे झाले. सहस्राने आरशात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“हे रविवारपर्यंत राहील?”

“घाम आला की उतरतं, बाळा.”

“मग मी घाम येऊच देणार नाही,” ती म्हणाली, आणि खांबाच्या सावलीत जाऊन हातसुद्धा न हलवता बसून राहिली.