गळ गिळलेली कासवीण

मी मिशिगनमधल्या एका नदीतली म्हातारी कासवीण आहे. चावऱ्या जातीची. दिसायला शेवाळलेला दगड. मी मेलेले मासे खाते, कुजक्या बेडकालाही नाही म्हणत नाही, आणि अख्खा हिवाळा चिखलात तोंड खुपसून काढते. तेव्हा मित्रांनो, मला किळस येते असं मी म्हणाले तर ते हसण्यावारी नेऊ नका.

मी लहान होते तेव्हा काठावर कागदाची गिरणी होती. पाण्यावर पिवळा फेस असायचा आणि माणसं नाक दाबून पूल ओलांडायची. पुढे गिरणी बंद पडली, पाणी निवळलं, आणि गावाने काठाकाठाने फिरायची वाट बांधली. मार्लिस नावाची बाई दर शनिवारी लोकांना तिथे घेऊन येऊ लागली. जन्मभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे आवाज खणखणीत.

"हळू चाला! तो बगळा बघा. मुळांखाली मिंक राहतं, मुंगसासारखं. आणि तो दगड दिसतोय ना? तो दगड नाहीये!"

तो दगड म्हणजे मी. लोक "अय्या!" म्हणायचे. खरं सांगते, मला ते आवडायचं.

पण हीच माणसं कुत्र्याची घाण पिशवीत भरतात, गाठ मारतात आणि पिशवी झुडपाला टांगून निघून जातात. ती पाण्यात पडते, फुटते. बदकांना टाकलेला बुरसट पाव काठाशी फुगून आंबतो. शी! गिरणीला निदान डोळे नव्हते. ही तर नदी बघायला आलेली माणसं!

एका मे महिन्यात मी काठाजवळचा मेलेला मासा गिळला. त्यात गळ होता. वरून कुणीतरी ओढलं, शिवी हासडली आणि दोरा कापून टाकला. गळ माझ्या जबड्यात रुतला, दोऱ्याचे वेढे मागच्या पायाला बसले. पाय सुजला. तोंडात पू झाला. माझ्याच वासाने मला मळमळायचं.

जूनमध्ये अंडी घालायची वेळ आली. आम्ही मागच्या पायांनी खड्डा खणतो. मी कशीबशी वाटेच्या कडेच्या वाळूत आले, पण पाय हलेना. अंडी पोटात आणि खड्डा नाही. तिथेच मार्लिसने मला पाहिलं. सोबत तिचा दीर डेल होता, खांद्यावर मासे धरायची काठी घेऊन.

"वहिनी, हात नका लावू. बोट तोडेल."

"मग काय, मरू देऊ तिला? तुझा चिमटा दे इकडे."

तिने माझ्या डोळ्यांवर टोपी टाकली. आधी पायाचा दोरा कापला, मग चिमटा तोंडात घातला. गळ निघाला. कळ मस्तकात गेली आणि माझं तोंड मिटलं. आत तिचं बोट होतं. हाड मोडल्याचं मला कळलं. मी जबडा उघडला तशी टोपी घसरून पडली.

डेलने मोठा धोंडा उचलला. "व्हा बाजूला! ठेचतोच हिला!"

मार्लिस हलली नाही. रक्ताळलेला हात पोटाशी धरून तिने दुसऱ्या हाताने दोरा पुढे केला. "आधी हे बघ. असा हिरवागार दोरा गावात कोण वापरतं रे?"

डेलने दोरा पाहिला, मग आपली काठी. धोंडा त्याने खाली ठेवला. "मला वाटलं, दोरा कापला, संपलं."

"तुझ्यापुरतं संपलं. चल, दवाखान्यात ने मला. आणि तो दोरा खिशात घाल. इथे टाकलास तर बघ!"

ती दोघं गेल्यावर मी खणायला लागले. पाय फार दुखत होता, पण खड्डा झाला. सगळी अंडी मी वाळूत झाकली.

मार्लिसचं ते बोट आता वाकत नाही. तरी ती येते.

मित्रांनो, तुम्हीही नदीकाठी या. बगळा बघा, मिंक बघा, मलाही बघा, पण लांबून. माझी माया करू नका, मला ती पचत नाही. फक्त तुम्ही आणलेलं तुमच्याबरोबर परत न्या. दर वेळी काठावर मार्लिस असेलच असं नाही.