पितळ खाणारं तेल

मी ट्रॅक्टर बोलतोय. रंग उडालेला, डाव्या मडगार्डला पोचा आलेला, शेडमध्ये नुसता उभा असलेला. उद्या मला न्यायला माणसं येणार आहेत. त्याआधी एक निरोप तुमच्या कानावर घालायचा आहे.

मालकांनी मला घेतलं तेव्हाच मी जुना होतो. आधीच्या घरी हाताला येईल ते तेल माझ्या पोटात ओतलं जायचं. मालकांचं तसं नव्हतं. गिअरचं तेल बदलायचं म्हटलं की ते दुकान पालथं घालायचे. दोन बोटांत तेल चोळायचे, वास घ्यायचे, डब्यावरची बारीक अक्षरं वाचायचे. मग शेडमधून हाक मारायचे, "अगं, इकडे ये. याच्या गिअरबॉक्समध्ये पितळेचे बुश आहेत, छोट्या कड्या. जहाल तेल याला सोसत नाही."

"माझ्या पोटाची कधी एवढी चौकशी केलीत का?" मालकीणबाई दारातूनच म्हणायच्या आणि हसत आत निघून जायच्या. तेलाबिलाचं त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. कशाला शिरेल? ते बघायला मालक होते.

मग मालकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बाईंनी त्यांची खुर्ची पुढच्या खिडकीशी मांडली. खिडकी शेडच्या अगदी समोर. त्यांना मी दिसायचो, मला ते.

शेत बाईंनी अंगावर घेतलं. मला चालवायला त्यांना आधीपासूनच येत होतं. हळूहळू माझी देखभालही त्या शिकल्या, आणि गिअरचं तेल बदलायची वेळ आली तेव्हा स्वतः दुकानात गेल्या. परत आल्यावर खिडकीतून मालकांना कौतुकाने सांगत होत्या, "नव्वद नंबरच आणलंय. दुकानदार म्हणाला, नंबर तोच, पण हे वरच्या दर्जाचं. जुन्या गाडीला जपायचं तर हेच घ्या, ताई. मी सगळ्यात चांगलं घेतलं."

दुकानदार खोटं बोलला नव्हता. ते तेल चांगलंच होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. त्यातलं औषध पोलादी दात सांभाळतं आणि पितळ मात्र खातं.

तेल भरून बाई आत गेल्या. खिडकीत मालकांचं तोंड पुसायला त्यांनी हात पुढे केला, आणि मालकांनी त्यांचं मनगट पकडून बोटांचा वास घेतला. मग डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला लागले.

"काय झालं? दुखतंय का कुठे?"

ते नुसतं शेडकडे बोट दाखवत राहिले. बाईंना वाटलं, त्यांना ट्रॅक्टरवर बसायचं आहे. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि विषय बदलला.

पुढे पुढे माझा आवाज बिघडला. गिअर टाकताना खरखर व्हायची. तो आवाज आला की मालक खिडकीत दांडा बडवायचे, रडायचे. हाक मला मारता येत नव्हती आणि त्यांनाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "यांना गोंगाट सोसत नाहीये. शांत जागी ठेवा." बाईंनी खुर्ची मागच्या खोलीत हलवली. त्यांच्या भल्यासाठीच. त्यानंतर कितीतरी महिने ती खिडकी रिकामी होती.

एक दिवस नांगरताना माझा दुसरा गिअर सुटला तो पुन्हा टिकेना. मिस्त्री आला. त्याने खालचा बोल्ट काढून तेल घमेल्यात सोडलं. काळ्या तेलात सोनेरी भुगा चमकत होता.

"पितळ आहे," मिस्त्री म्हणाला. "तेल जहाल पडलं याला. मधेच कुणाच्या लक्षात आलं असतं तर वाचला असता."

बाईंनी घमेल्यात बोट बुडवलं. बोट नाकाशी नेलं. मग उठून घरात गेल्या, मागच्या खोलीतून मालकांची खुर्ची ढकलत पुन्हा पुढच्या खिडकीशी आणली आणि बोट त्यांच्यासमोर धरलं.

"तुम्ही हेच सांगत होतात ना, इतके दिवस?"

मालकांनी मान डोलावली. मग डाव्या हाताने आपल्या सदऱ्याचं टोक ओढून त्यांचं बोट पुसायला लागले. हळूहळू, नखाच्या कडेपर्यंत. बाईंनी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं आणि हमसून रडल्या.

त्याच आठवड्यात मालक गेले.

माझे बुश आता कुठेच मिळत नाहीत. बाई अधूनमधून शेडमध्ये येतात, माझ्या सीटवर बसतात, मला सुरू करत नाहीत. काल म्हणाल्या, "सांगत होते ते, आणि मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. माझ्या बोटावरचं तेलसुद्धा शेवटी त्यांना बघवलं नाही. राग मनात ठेवूनच गेले."

उद्या माझे भाग सुटे होतील. तुमच्यापैकी कुणाची त्या बाईंशी कधी गाठ पडलीच, तर त्यांना एवढं सांगा. त्यांचं डोकं मांडीवर होतं, म्हणून त्यांना दिसलं नाही. मी समोरच उभा होतो, मला खिडकीतून दिसलं. मालक त्यांच्याकडे बघून हसत होते. अर्ध्याच ओठाने, पण हसत होते.