कोंबासकट

माझी धाकटी बहीण स्वयंपाकी आहे, चांगली नावाजलेली. तिच्या खानावळीत परगावची मिरचीसुद्धा उंबरा ओलांडत नाही. जे इथलं, जे जुनं, जे जपून वापरलेलं, तेच शिजणार. या वेडापायी तिने घरादाराला वेठीस धरलंय. मी गल्ल्यावर बसते आणि तोंड चालवते.

तिचं नाव झालं ते टेकडीवरच्या रानकंदामुळे. तो आणायचा आमचा मामा. कंद काढला की वरचं कोंबाचं टोक कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचं, ही आमची पद्धत. त्यातूनच पुढचा कंद धरतो. पण धाकटीला ताटलीत तो लालसर कोंब उभा दिसायला हवा होता.

"मामा, थोडेच आण ना कोंबासकट," ती लाडात म्हणाली होती. मामाला तिला नाही म्हणणं कधी जमलंच नाही.

ताटलीचा फोटो गाजला. मग गावातल्या प्रत्येक हॉटेलाला कोंबासकटच कंद हवा झाला. कुदळी घेऊन माणसं टेकडीवर चढली आणि काही वर्षांत टेकडीची पार चाळण झाली.

परवा दुपारी मामा मागच्या दाराने आला. टोपली ओट्यावर ठेवून बाहेर पायरीवर टेकला. मी धाकटीला हाक मारली.

"एवढेच?" टोपलीत डोकावून बाहेर येत ती म्हणाली.

"संपलं गं पोरी. सगळी टेकडी पालथी घातली. हे शेवटचे."

"चेष्टा नको हं, मामा."

मामाने मातीने भरलेले हात तिच्यापुढे पसरले. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"मग हे शिजवायचे नाहीत, लावायचे. ताई, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता टेकडीवर जाऊ."

"अगं, आणि पाहुणे?"

"खड्ड्यात गेले पाहुणे!"

ती आत धावली, तिच्यामागे मी. चुलीपाशी आमच्या स्वयंपाकाच्या काकू चाळणीत कंद निथळवत होत्या. कंद आला की तडक उकळत्या पाण्यात घालायचा, नाहीतर कोंब काळा पडतो. हा नियम धाकटीचाच. त्यावरून काकूंनी तिची किती बोलणी खाल्ली होती! आज त्यांनी जराही उशीर केला नव्हता.

"बघ, रंग कसा टिकलाय," काकू कौतुकाने म्हणाल्या.

धाकटीने टोपली उलटी केली. नुसती माती पडली. ती मातीच तिने दोन्ही हातांनी चिवडली, "एखादा राहिला असेल, एखादा तरी," म्हणत. मग चाळणी उचलून परसात गेली, गुडघ्यांवर बसली आणि उलथन्याने जमीन उकरायला लागली. कंदांमधून वाफ निघत होती.

"अगं बाई, शिजलेत ते," मामा रडवेला होऊन म्हणाला.

"माहितीये मला!" ती ओरडली.

तरी एकेक कोंब कापून पुरतच राहिली. बोटं भाजत होती, तिला भान नव्हतं. माझ्या बहिणीची मला इतकी दया कधी आली नव्हती. पुढच्या दाराशी पाहुण्यांच्या गाड्या थांबत होत्या.

"ताई, पाणी आण," ती वर न बघता म्हणाली. "गार आण हं."

मी आणलं.