एकेचाळीस हजार करवती

पोस्टाच्या ताईंना आता सुटायचं होतं. सत्कार नको, मानपत्र नको, पेपरात फोटो तर मुळीच नको. चार वर्षांचा अहवाल सरकारच्या पदरात घालायचा, रहिवाशांच्या बाग-मंडळाचा शिक्का नव्या कार्यवाहांच्या, म्हणजे दाताच्या डॉक्टरांच्या, हातात द्यायचा आणि थोरल्या बहिणीकडे कायमचं राहायला जायचं. या बहिणीला त्या अक्का म्हणत. अक्काने घराची मागची खोली वर्षभर झाडून-पुसून ठेवली होती आणि दर आठवड्याला फोनवर ती विचारायची, "जिवंतपणी येतेस, की मी गेल्यावर?" ताई म्हणायच्या, "एवढा अहवाल झाला की आलेच गं."

तसा या कामाशी ताईंचा काय संबंध होता? चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसल्यामुळे त्यांना फॉर्म भरता यायचे, एवढाच त्यांचा गुन्हा. वस्तीमागच्या उतारावर लोक राडारोडा टाकायचे, तेव्हा सरकारची योजना निघाली. खालच्या सपाट जागेवर रहिवाशांनी मिळून भाजीपाल्याची बाग करायची, वरच्या उतारावर मूळचं रान परत उभं करायचं, आणि खर्चाला सरकार हप्त्याहप्त्याने पैसे देणार. सभेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अर्ज कोण भरणार म्हटल्यावर सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. झालं, तेव्हापासून हे घोंगडं गळ्यात पडलं ते पडलंच.

आणि माणसं कशी असतात बघा. टोमॅटो लागले की पिशव्या घेऊन तीस-तीस जण हजर, पण वरच्या उतारावर तण काढायला मोजून तिघं-चौघं. त्यातले एक नेमाने यायचे ते फिटरअप्पा. कारखान्यात चाळीस वर्षं फिटर होते. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, म्हणून उतारावर पोत्याचा तुकडा टाकून बसायचे आणि बसल्या बसल्या खाली सरकत तण उपटायचे.

त्या तणाला मंडळात सगळे करवती म्हणायचे, कारण पान अरुंद आणि कडेला करवतीसारखे दाते. सरकारी पत्रकात तिचा फोटो होता. ही माजली की दुसरं काही उगवू देत नाही, दिसली की मुळासकट काढा, असं त्यात लिहिलेलं. फॉर्ममध्ये तर 'उपटलेल्या तणांची संख्या' असा खास रकानाच होता. रान किती वाढलं ते मोजायला वेळ लागतो, उपटलेलं मात्र त्याच दिवशी मोजता येतं. म्हणून दर रविवारी पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधायच्या आणि ताई त्या वहीत मांडायच्या. चार वर्षांत आकडा एकेचाळीस हजारांवर गेला. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकट्या अप्पांच्या.

एकच गोष्ट सगळ्यांना सतावायची. उताराच्या टोकाला मूळच्या रानातलं एकच झाड उरलं होतं, चांगलं गोलसर गुळगुळीत पानांचं. त्याला सगळे म्हातारा म्हणायचे. दरवर्षी त्याचं बी उतारभर पडायचं, पण रोप म्हणून एक दिसायचं नाही. रान परत आणायचं म्हणजे खरं तर याचीच पोरंबाळं वाढवायची होती. ताईंनी मातीसुद्धा तपासून घेतली होती. माती उत्तम आहे असा अहवाल आला, आणि कोणाला काही कळेना.

तपासणीच्या मॅडम मंगळवारी यायच्या होत्या. शनिवारी डॉक्टरांनी आणि ताईंनी पाण्याची टाकी फिरवायला घेतली, कारण तिच्यावरचं योजनेचं नाव भिंतीकडे गेलं होतं आणि ते रस्त्याकडे दिसायला हवं, असं पत्र आलं होतं. टाकी हलली आणि तिच्या नि भिंतीच्या मधल्या वीतभर फटीत खांद्याएवढं उंच काहीतरी उभं दिसलं.

"अरे बापरे, ही करवती बघा ताई केवढी माजलीय!" डॉक्टर म्हणाले आणि हात घातला. "उपटू?"

"थांबा!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या की डॉक्टरांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "राहू दे. तुम्ही जरा प्लंबरला बघा, आला का ते."

ते गेल्यावर ताईंनी चष्मा पुसला. खालच्या फांद्यांना पानं करवतीची होती, तीच अरुंद, तेच दाते. मध्यावर दाते बोथट झालेले. आणि शेंड्याला पानं गोल होती, गुळगुळीत, जाड. एकाच खोडावर.

ताईंनी शेंड्याचं एक पान खुडलं आणि उतार चढायला लागल्या. दोनदा थांबल्या, धाप लागली होती. टोकाला पोचल्यावर त्यांनी ते पान म्हाताऱ्याच्या पानावर ठेवून पाहिलं, आणि तिथेच मातीत बसल्या. झाडाचं लहानपणीचं पान एक असतं आणि मोठेपणीचं दुसरं, हे पुस्तकात कुठेतरी असेलही. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण त्यांनी तरी कोणाला विचारलं होतं?

घरी येऊन त्यांनी सरकारी पत्रक काढलं. फोटोखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, 'पानाची मागील बाजू पांढऱ्या लवेची.' चार वर्षांत ताईंनी एकही पान उलटून पाहिलं नव्हतं. खिडकीत बसून आयुष्यभर लोकांना सुनावलं, खालचं बारीक वाचलंत का, म्हणून! आणि स्वतः? एकेचाळीस हजारांत खऱ्या तणाची रोपं असतीलही काही. पण म्हाताऱ्याच्या आसपासची, उतारभर पडलेल्या बियांची, ती सगळी? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणखी एक आठवण वर आली, ती तर नकोच होती. पहिल्याच महिन्यात अप्पा म्हणाले होते, "ताई, हे मूळ सरळ खोल जातंय. तण असं नसतं हो. तण पसरतं. हे झाडाचं मूळ वाटतंय हाताला." आणि ताई काय म्हणाल्या होत्या? "अप्पा, फोटो छापलाय सरकारने. आपण जास्त शहाणे का?" अप्पा हसले होते आणि उपटायला लागले होते.

मंगळवारी मॅडम आल्या त्या उन्हात चालून लाल झालेल्या. अवजारांच्या शेडमध्ये बसून त्या घटाघटा पाणी प्यायल्या आणि त्यांनी वही चाळली. "एकेचाळीस हजार! ताई, तुम्ही पहिल्या नंबरावर आहात. पुढची तीन वर्षं मंजूर समजा. उद्दिष्ट फक्त थोडं वाढवलंय, साठ हजार."

"साठ हजार काय?"

"तण हो."

म्हणजे गप्प राहून सुटायची वाटही बंद झाली. ताई गप्प बसल्या तर हेच काम आणखी तीन वर्षं चालणार, आणि त्याचे पैसेही मिळणार. ताई उठल्या आणि मॅडमना टाकीमागे घेऊन गेल्या. रोपाचा शेंडा जरा मलूल दिसत होता, उन्हाने असेल. ताईंनी खालचं पान दाखवलं, वरचं दाखवलं, पत्रकातली ओळ दाखवली.

मॅडम कपाळावरचा घाम पुसून म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे अशा अकरा जागा आहेत. चार ठिकाणी बोर्डाशिवाय काही नाही. इथे निदान माणसं येतात. हे मी पाहिलंच नाही असं समजा. डॉक्टरांच्या कानावर घाला, आता हे रोप उपटू नका म्हणून. संख्येचं आपण बघू. हे लिहायला अहवालात रकाना नाही."

"शेवटी 'शेरा' असतो," ताई म्हणाल्या.

"तुम्ही तिथे हे लिहिलंत तर हप्ता अडकेल. चौकशी लागेल. आणि चौकशी संपेपर्यंत कार्यवाह बदलता येत नाही. तुम्ही तर जाणार होतात ना?"

जाणार होत्या. सामानाचे तीन खोके बांधून झाले होते. ताईंना वाटलं, या बाईचं ऐकावं. काय वाईट सांगतेय ती? सरकारी काम आणि सहा महिने थांब, तिथे चौकशी म्हणजे वर्षं. आपण सदुसष्ट वर्षांच्या. आता तरी कोणीतरी आपल्याला आयता चहा हातात द्यावा. पण साठ हजारांचं उद्दिष्ट डॉक्टर कानावर घातलेल्या एका वाक्यावर सोडणार होते थोडेच? मोजणी तर द्यावीच लागणार. त्यांनी पेन उघडलं आणि शेऱ्यात सहा ओळी लिहिल्या. चूक कोणाची, तेही लिहिलं. सही केली.

मॅडमनी कागद घेतला. "कमाल आहे तुमची," त्या म्हणाल्या, पण रागावून नाही. त्यांना आणखी एका भानगडीची फाईल उघडावी लागणार होती, एवढंच.

त्या गेल्यावर ताईंनी अक्काला फोन लावला. "अक्का, मागची खोली भाड्याने देऊन टाक."

अक्का आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, "तुझा स्वभावच मेला मुळावर येतो तुझ्या," आणि फोन ठेवला. ताईंनाही रडायचं होतं, पण अजून एक घर राहिलं होतं.

अप्पांच्या मुलाने दार उघडलं. अप्पा आत खुर्चीत पाय लांब करून बसले होते, चेहऱ्यावर सुट्टी लागल्यासारखा आनंद. "या ताई! बरं झालं आलात. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. याला शब्द दिलाय मी, आता उतारावर पाऊल टाकणार नाही. काय, शोभेल तसंच रिटायर होतोय की नाही? पंचवीस हजार!"

ताईंनी बसायच्या आधीच सांगितलं. बसून सांगायची त्यांची हिंमत नव्हती. पानाचं सांगितलं, बारीक ओळीचं सांगितलं, शेऱ्याचं सांगितलं. मग त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"हे आत्ता सांगायलाच हवं होतं का, मावशी?" मुलगा म्हणाला. "ते थांबणारच होते ना?"

"त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं मला," ताई म्हणाल्या. "ते बरोबर होते. मी ऐकलं नाही. हे त्यांना न सांगता मी कशी राहू रे?"

अप्पा आपल्या हातांकडे बघत होते. जाडजूड, नखांत माती कायमची बसलेले हात. "मी बरोबर होतो हे मला माहीत होतं की," ते हळू म्हणाले. "हाताला कळायचं. प्रत्येक वेळी कळायचं. म्हणायचो, ताई शिकलेल्या आहेत, वाचून सांगतात. पंचवीस हजार वेळा मी स्वतःच्या हाताला खोटं पाडलं हो." आणि तो मोठा माणूस तोंडावर पंजा धरून रडायला लागला. मुलगा जवळ गेला, त्याला त्यांनी हाताने लांब केलं.

माफ करा म्हणणं ताईंना फार स्वस्त वाटलं.

अप्पांनी बाहीने नाक पुसलं. "उरलेलं एक आहे म्हणालात. टाकीमागे. ते कसं जगलं इतकी वर्षं? तिथे पाणी कोण घालायचं?"

"कोणी नाही. टाकी गळायची ना मागून. त्याच ओलीवर."

"गळायची म्हणजे? आता नाही गळत?"

"शनिवारी प्लंबरकडून बंद करून घेतली, तपासणी म्हणून," ताई म्हणाल्या, आणि सकाळचा मलूल शेंडा त्यांच्या डोळ्यांसमोर आला.

"तीन दिवस झाले! या उन्हात!" अप्पा खुर्चीचे हात धरून उठायला लागले. "मग इथे माझ्यासमोर बसलात काय ताई? उठा की!"

"बाबा, शब्द दिला होतात तुम्ही," मुलगा आडवा आला.

"दिला होता. ऑपरेशन करीन. शब्दाचं नंतर बघू." ते उभे राहिले, कळ आली तसे भिंतीला टेकले, पण बसले नाहीत. "तू बादली घे. मोठी घे. माझ्याने उचलणार नाही, आणि यांच्यानेही नाही."

ताईंनी त्यांना एका बाजूने धरलं. मुलाने दोघांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि बादली आणायला आत गेला.